लोबेरा, बकिंगहॅम, क्रॅटकी आणि आपला बेंच

मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबचे तीन-चार फॅन एकत्र आले की दहा मिनिटांच्या आत कोच म्हणून लोबेरा भारी की बकिंगहॅम भारी हा वाद सुरू होणारच, मग मॅच जिंकलेली असो नाहीतर हरलेली. अंधेरीच्या ग्राउंडवरून बाहेर पडल्यावर आझाद नगर मेट्रोच्या जिन्यात सुरू झालेलं भांडण घाटकोपरला गर्दीत आम्ही एकमेकांपासून तुटेपर्यंत चालतं. मला हे वाद मनापासून आवडतात, आपल्या शहरात क्रिकेट सोडून कशावर तरी इतकं जीव तोडून बोलणारी माणसं आहेत हेच मला भारी वाटतं. पण एक गोष्ट सतत खटकते. आपण कोचला मार्क देतो ते ट्रॉफी बघून, फार तर पहिले अकरा बघून, आणि बेंचवर कोण होतं, त्यातल्या कोणाचं पुढे काय झालं हे कोणी काढतच नाही. माझं मत आता पक्कं झालंय की आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कोचची खरी परीक्षा बाराव्या ते विसाव्या खेळाडूवर होते, आणि तसं बघितलं तर बकिंगहॅम पहिला, लोबेरा दुसरा, आणि क्रॅटकीवर आपण सगळेच जरा अन्याय करतोय.

आता हे का, ते नीट सांगते.

आयएसएलचा एक नियम आहे जो वाद घालताना सगळे विसरतात. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा फॉरेनर चालायचे, २०१७-१८ पासून पाच, आणि २०२१-२२ पासून चार. म्हणजे आज अकरातले निदान सात भारतीय हवेतच. आता तुम्ही कितीही पैसे ओता, ब्राझीलमधून आणा नाहीतर स्पेनमधून आणा, मैदानात चारच उतरणार, उरलेले सात आणि त्यांच्या मागे बेंचवर बसणारे बहुतेक सगळे मिझोरम, मणिपूर, पंजाब, गोवा, केरळ आणि कधीकधी आपल्या मुंबईचे. स्क्वॉड डेप्थ म्हणतात ती आपल्याकडे म्हणजे हीच पोरं. त्यामुळे २०१६ च्या कोचची आणि २०२३ च्या कोचची सरळ तुलना करणं मला पटतच नाही, दोघांच्या हातातले पत्तेच वेगळे होते.

पहिली दोन वर्षं मी झटक्यात संपवते, त्यात विशेष काही नाही. २०१४ ला पीटर रीड कोच होता, आंद्रे मोरित्झने पुण्याविरुद्ध लीगमधली पहिली हॅटट्रिक मारली, ५-० ने जिंकलो, आणि सीझन सातव्या नंबरवर संपला. २०१५ ला अनेल्का स्वतःच खेळाडू आणि स्वतःच मॅनेजर. छेत्रीची हॅटट्रिक सोडली तर त्या वर्षातलं लोकांना एवढंच आठवतं की फातोर्ड्यात गोव्याने आपल्याला ७-० हाणलं. फोंड्याला माझा मावसभाऊ राहतो, कट्टर एफसी गोवावाला, तो अजून गणपतीत भेटला की आधी "सात" म्हणतो, मग "कशी आहेस".

२०१६ चा कोच गिमारायस मात्र लोक उगाच विसरलेत. कोस्टा रिकाकडून १९९० चा वर्ल्ड कप खेळलेला माणूस, नंतर त्याच देशाला कोच म्हणून दोन वर्ल्ड कपला घेऊन गेलेला, आणि त्याने आपल्याला पहिल्यांदा टेबलच्या टॉपवर नेलं. उरुग्वेचा स्टार फोर्लान होता ना त्या टीममध्ये! सेमीफायनलला कोलकात्यात ३-२ ने हरलो आणि त्याच मॅचमध्ये फोर्लानला रेड कार्ड. दुसरी लेग, म्हणजे परतीची मॅच, आपल्या घरच्या ग्राउंडवर, एक गोल हवा होता फक्त, आणि तो आलाच नाही, ०-०. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की एक मोठा खेळाडू आणणं आणि टीम बांधणं यात केवढा फरक आहे, कारण फोर्लान नसताना कोण, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरच नव्हतं. गिमारायसला त्यासाठी दोष देणारे देतात, मी देत नाही, त्या काळात सीझन जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असायचा, त्यात बेंच घडवायला वेळ कुठून आणणार.

मग जॉर्ज कोस्टा. पोर्तोचा कॅप्टन, २००४ ची चॅम्पियन्स लीग उचललेला. त्याच्या हाताखाली मोडू सूगू नावाचा सेनेगलचा स्ट्रायकर असा काही पेटला की केरळाविरुद्ध एकट्याने चार गोल मारले, ६-१. त्या सीझनला आपण बचाव करून, दात-ओठ खाऊन जिंकायचो, बघायला सुंदर नव्हतं, पण मला ती टीम आवडायची कारण ती कोणाला घाबरत नव्हती. सेमीफायनलला मात्र अंधेरीत गोव्याने ५-१ मारलं आणि त्या पाच गोलांच्या मागे डगआउटमध्ये कोण उभा होता, तर सर्जियो लोबेरा. कोस्टा ऑगस्ट २०२५ मध्ये गेला, पोर्तोमध्येच, हार्ट अटॅकने, फक्त ५३ वर्षांचा होता. तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांनी त्याच्यासाठी लिहिलं, ज्यांनी २०२० ला "बास आता, जा बाबा" म्हटलं होतं त्यांनीही लिहिलं, आणि मला ते बरं वाटलं. ट्रॉफी नाही दिली त्याने, पण मुंबईला कोणी सहज हरवणार नाही ही सवय त्याने लावली.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी लोबेरा आपला झाला. येताना एकटा आला नाही. जाहू, फॉल, बूमस, मंदार राव देसाई, गोव्याचा अख्खा पाठीचा कणा उचलून आणला त्याने. मावसभावाने तेव्हा माझ्याशी काही आठवडे बोलणंच टाकलं होतं आणि मला त्याचा राग समजतो. कोविडमुळे सगळा सीझन गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये. पहिल्याच मॅचला जाहूला रेड कार्ड आणि नॉर्थईस्टकडून ०-१. आणि तिथून शेवटी लीग शील्डही (साखळीत पहिला नंबर) आपली आणि कपही (नंतरची फायनल) आपला, १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात बिपिनने नव्वदाव्या मिनिटाला मारलेला गोल मी अजून कधीही लावून बघते.

पण लोबेराचं नाव निघालं की मला फायनल नाही, त्याच्या पाच दिवस आधीची सेमीफायनल आठवते. गोव्याविरुद्ध, पहिली लेग २-२, दुसरी ०-०, एक्स्ट्रा टाइमही संपत आलेला. अमरिंदर सिंग गोलमध्ये, त्या सीझनचा आपला कॅप्टन, आणि एकशेविसाव्या मिनिटाच्या आसपास लोबेराने बोर्ड वर केला, अमरिंदर बाहेर, फुर्बा लाचेनपा आत. कॅप्टनला बाहेर काढून पेनल्टीसाठी बेंचवरचा पोरगा आत! घरी टीव्हीसमोर आम्ही सगळे उभे राहिलो. ६-५ ने जिंकलो. आणि हाच फुर्बा पुढे आपला नंबर एकचा गोलकीपर झाला. लोबेराला लोक पासिंगसाठी, पझेशनसाठी मानतात, मी त्याला या एका बदलासाठी मानते. मात्र एक म्हणायलाच हवं, त्याच्या वेळी मैदानात पाच फॉरेनर चालत होते, त्याच्याकडे ओगबेचे आणि ल फाँड्र असे दोन-दोन स्ट्रायकर होते, एक दमला की दुसरा. तयार माणसांना घेऊन त्याने काम चोख केलं. नवीन माणसं तयार करायला तो थांबला नाही.

ते काम बकिंगहॅमने केलं.

डेस बकिंगहॅम आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, सीझन तोंडावर, लोबेरा गेलेला, अमरिंदर गेलेला, बूमस गेलेला, आणि नियम बदलून फॉरेनर चार झालेले. पहिलं वर्ष पाचवा नंबर. आमच्या ग्रुपमध्ये त्याला घालवा असं म्हणणारे काही कमी नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रियाधला एशियन चॅम्पियन्स लीग, समोर इराकची एअर फोर्स क्लब, एक गोलने मागे पडलो, दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाचच मिनिटांत कॉर्नरवर राहुल भेकेचा हेडर. २-१. त्या स्पर्धेत मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब, आणि तो गोल मुंबईच्या एका मराठी पोराने मारलेला. ही गोष्ट आपल्या पेपरांनी पहिल्या पानावर घ्यायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मग २०२२-२३. मी आजवर मुंबईची जेवढी टीम बघितली त्यातली सगळ्यात सुंदर. सलग १८ मॅच हार नाही, ४६ पॉइंट, फातोर्ड्यात गोव्याला ५-३ हरवून शील्ड. स्टुअर्ट, डियाझ, नोगेरा, जाहू वगैरे फॉरेनर होतेच, पण छांगतेकडे बघा ना. चेन्नईनकडून आलेला, लोक म्हणायचे पळतो खूप पण शेवटचा पास नाही, शेवटचा शॉट नाही, आणि बकिंगहॅमच्या हाताखाली तोच छांगते लीगचा सर्वोत्तम खेळाडू, भारतीय फुटबॉल फेडरेशनचाही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. अपुइया पोरगेलासा होता, तो मिडफिल्डचा मालक झाला. मेहताब सिंग भिंत झाला. आणि या सगळ्यांच्या मागे विक्रम प्रताप, गुरकिरत, विनित राय.

माझी सीट कॉर्नर फ्लॅगजवळच्या बाजूला असते, आणि तिथून वॉर्मअप करणारे सब्स, म्हणजे बदली खेळाडू, अगदी समोर दिसतात. साठाव्या मिनिटाच्या सुमारास बिब (जर्सीवरचं रंगीत बंडीसारखं जाकीट) घातलेली चार-पाच पोरं तिथे यायची, आणि त्या वर्षी मला त्यांच्यात एक वेगळीच गोष्ट दिसायची. ती गप्पा मारत नसायची. विक्रम प्रताप खाली वाकून शिन गार्ड सारखा करतोय पण डोळे मैदानात, समोरचा राइट बॅक किती दमलाय ते बघतोय, शेजारच्याला हाताने दाखवतोय की त्याच्या मागे जागा आहे. डगआउटमधून हाक आली की बिब काढून पळत सुटायचा, चालत नाही. आमच्या रांगेत एक काका असतात, कूपरेजला रोव्हर्स कप बघितलेले, महिंद्र युनायटेडचे भक्त, ती टीम २०१० मध्ये बंद झाली ते दुःख अजून सांगतात. ते मला म्हणाले होते, "अगं, बॉल काय सगळेच बघतात, तू ही पोरं बघ. ज्या टीमची पोरं बिब घालूनसुद्धा मॅच खेळत असतात ना, ती टीम सहज हरत नाही." मी तेव्हापासून बघते. पुढच्याच वर्षी विक्रमला लीगचा इमर्जिंग प्लेयर हा पुरस्कार मिळाला तेव्हा काकांनी मला फोन करून सांगितलं, जणू त्यांचा नातूच.

त्या टीमने कप जिंकला नाही हे खरंय. सेमीफायनलला बंगळुरूकडून पेनल्टीवर ९-८. आणि पुढच्या वर्षी एशियन चॅम्पियन्स लीगला सौदीच्या अल हिलालने तिकडे ६-० मारलं, इकडे डी. वाय. पाटीलला २-०, सगळ्या सहाच्या सहा मॅच हरलो. लोकं बकिंगहॅमविरुद्ध हे काढतात. मी त्या रात्री नेरुळला होते, नेमार जखमी होता, आलाच नाही, तरी स्टेडियम भरल्यासारखं होतं आणि आपली पोरं पळ पळ पळाली. सत्तराव्या मिनिटानंतर फरक दिसायला लागला. आपल्याकडून जो उतरत होता तो आपल्या लीगसाठी चांगला होता, त्यांच्याकडून जो उतरत होता तो दुसऱ्या कुठल्याही क्लबचा हिरो असता. त्यात कोच काय करणार? मला त्या २-० चा अभिमान वाटतो, अगदी मनापासून वाटतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम त्याच्या गावच्या क्लबला गेला, ऑक्सफर्डला, आणि त्याच सीझनला त्यांना चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, चढवलं. सीझनच्या मध्ये सोडून गेला म्हणून काही जण अजून त्याच्यावर रुसलेत. घरचा क्लब बोलावतो तेव्हा माणूस जाणारच, आपण त्याच्या जागी असतो तर गेलोच असतो.

आता क्रॅटकी. पेत्र क्रॅटकी डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि मे मध्ये कप जिंकला, म्हणून त्याचं नाव पडलं आयत्या बिळावरचा नागोबा. टीम बकिंगहॅमची, ट्रॉफी याची. हे मला मुळीच मान्य नाही. त्याला काय आयतं मिळालं ते जरा आठवा. आल्या आल्या २० डिसेंबरला अंधेरीत मोहन बागान, ती कुप्रसिद्ध मॅच, दोन्हीकडून मिळून सात रेड कार्ड, त्यातली चार आपली. जिंकलो २-१, पण चारच दिवसांनी कोचीला केरळसमोर आकाश मिश्रा, स्टुअर्ट, भेके, विक्रम यांच्याशिवाय उतरायचं होतं आणि २-० ने हरलो. मग जानेवारीत स्टुअर्ट क्लबच सोडून गेला, म्हणजे टीमचा मेंदूच गेला म्हणा. तरी शेवटच्या दिवसापर्यंत शील्डच्या शर्यतीत, एका पॉइंटने गेली, ४८ आणि ४७. कोलकात्याला सॉल्ट लेकवर मोहन बागानसमोर ती शेवटची मॅच हरून आल्यावर दुसरी कुठलीही टीम कोसळली असती.

आणि नऊ दिवसांनी फातोर्ड्याची सेमीफायनल. गोवा २-० पुढे, नव्वद मिनिटं झालेली, मावसभावाचा मेसेज आलेला, फक्त हसणारे चेहरे. मी फोन उलटा ठेवला. नव्वदाव्या मिनिटाला छांगते. लगेच विक्रम. २-२. मला वाटलं बास, इतकं पुरे, अंधेरीला बघून घेऊ. सहाव्या जादा मिनिटाला परत छांगते, ३-२, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री साडेनऊला मी किंचाळले तशी कोणी वर्ल्ड कपलाही किंचाळलं नसेल. मावसभावाला मी काहीही पाठवलं नाही. घरी २-० जिंकलो आणि ४ मे ला सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानसमोर, आधी मागे पडून ३-१. डियाझ, बिपिन, आणि तिसरा याकुब व्होइतुस. जी टीम स्टुअर्ट गेल्यावर, शील्ड हातची गेल्यावर असं खेळते त्या टीमच्या कोचला नागोबा म्हणू नका.

त्यानंतर जे झालं त्यासाठी क्रॅटकीला किती दोष द्यायचा हा खरा प्रश्न आहे, आणि इथेच आमच्या मेट्रोच्या जिन्यातल्या भांडणात मी एकटी पडते. कप उचलला आणि त्याच उन्हाळ्यात भेके, डियाझ, नोगेरा तिघंही बंगळुरूला, अपुइया मोहन बागानला. म्हणजे कॅप्टन गेला, नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, गेला, क्रिएटर गेला, मिडफिल्डचा मालक गेला. बदल्यात आले ते वाईट नव्हते, कारेलिसने गोल मारले, फान नीफ मला आवडला, ब्रँडन फर्नांडिस गोव्याहून आला (त्याच सेमीफायनलला आपल्याविरुद्ध गोल मारलेला). पण जे पहिल्या अकरात होते ते गेल्यामुळे बेंचवरचे अकरात आले आणि बेंच रिकामा झाला, हे कोणी मोजलंच नाही. त्या सीझनला साठाव्या मिनिटाला कॉर्नर फ्लॅगजवळ वॉर्मअपला यायची ती पोरं मी बघायचे, चांगली पोरं होती, मेहनती, पण त्यातला एकही असा नव्हता की ज्याला बघून समोरचा राइट बॅक धसकावा. कसेबसे सहावे आलो. ११ मार्च २०२५ ला बंगळुरूत जाऊन बंगळुरूला २-० हरवून नॉकआउट गाठला, आणि त्याच महिन्यात, त्याच ग्राउंडवर, त्याच टीमकडून ५-०. पाचवा गोल कोणाचा, तर डियाझचा.

त्या रात्री "क्रॅटकी आउट" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला विचारायचं होतं, की बाबांनो, तिथे उतरवायला त्याच्याकडे होतं कोण? डियाझ तिकडे, भेके तिकडे, नोगेरा तिकडे. कोचच्या चुका असतील, होत्याच, त्या सीझनला पुढे असूनही आपण सामने सोडले आणि बदल उशिरा व्हायचे हे माझंही म्हणणं आहे. पण भारतीय खेळाडू एकामागून एक कोलकात्याला आणि बंगळुरूला जाऊ देणं हा डगआउटमधला निर्णय नसतो, तो वरच्या ऑफिसातला असतो. पुढच्या उन्हाळ्यात मेहताबही मोहन बागानला गेला आणि बिपिन ईस्ट बंगालला. बिपिन! फातोर्ड्याचा नव्वदाव्या मिनिटाचा बिपिन, तीन वर्षांनी सॉल्ट लेकच्या फायनललाही गोल मारणारा बिपिन. ही बातमी वाचून मी ऑफिसात उठून पाणी प्यायला गेले.

आणि मग २०२५ संपता संपता सिटी फुटबॉल ग्रुपच बाहेर पडला. लीगच कित्येक महिने लटकलेली, कोणाला काही कळेना, त्यांनी आपला हिस्सा सोडला. मी त्यांच्यावर चिडलेली नाही, त्यांच्या काळात दोन शील्ड आणि दोन कप आले, हे आधी कोणी स्वप्नातही बघितलं नव्हतं. पण आता जो कोणी कोच असेल, क्रॅटकी असो नाहीतर दुसरा कोणी, त्याच्याकडे ग्रुपचं स्काउटिंग नसणार, ग्रुपच्याच मेलबर्नच्या क्लबमधून तयार होऊन येणारे कोच नसणार, आणि कोलकात्याच्या पैशांशी बोली लावणंही जमणार नाही.

म्हणूनच मला वाटतं आता बेंच मुंबईतूनच भरायला हवा. भेके मुंबईचा, जयेश राणे मुंबईचा, पण दोघांनाही नाव कमवायला आधी बाहेर जावं लागलं, राणे चेन्नईनकडून २०१५ ला चॅम्पियन झाला आणि आपल्याकडे आला २०२३ ला. अमेय राणवडे आपल्याच मुंबईचा, २०२१ च्या फायनलला डोक्याला मार लागून अँब्युलन्समधून गेला होता, आम्ही जिंकल्यावरही आधी त्याची बातमी शोधत होतो, तोही पुढे ओडिशाला गेला. काका म्हणतात त्यांच्या वेळी कूपरेजला बँकांच्या, रेल्वेच्या, एअर इंडियाच्या टीममध्ये अर्धी पोरं परळ, माहीम, बांद्र्याची असायची. आजही मुंबईच्या मैदानांवर लीग चालते, सकाळी चिखलात खेळणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं दिसतात. त्यातली पाच जरी दर दोन वर्षांनी आपल्या बेंचवर आली, तर पुढचा कोच सत्तराव्या मिनिटाला मागे वळून बघेल तेव्हा त्याला कोणीतरी दिसेल. आणि मग सांगा तो लोबेराएवढा भारी आहे की नाही, त्याआधी मी कोणाशी या विषयावर वाद घालणार नाही.